वाचकांचे प्रश्न : व्यापारी न्यायालयातला नाटककार

प्रश्न : आमच्या सदाशिव पेठेतील वाचनमंडळात रशियन नाटककार ऑस्त्रोव्स्कीचा उल्लेख झाला. सोव्हिएत कादंबरीकार ऑस्त्रोव्स्की तो हाच का? आणि एका नाटकापायी त्याची सरकारी नोकरी गेली, हे खरे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ते दोघे वेगळे. कादंबरीकार निकोलाय विसाव्या शतकातला. नाटककार अलेक्झांडर ऑस्त्रोव्स्की १८२३ साली मॉस्कोत, व्यापाऱ्यांचा भरणा असलेल्या झामोस्क्वोरेच्ये भागात जन्मला. कायद्याचे शिक्षण अर्धवट टाकून तो १८४३ मध्ये न्यायालयात कारकून झाला आणि दोन वर्षांनी व्यापारी न्यायालयात गेला. कर्जे बुडवणारे आणि खोटे दिवाळे काढणारे तेथे त्याला जवळून पाहायला मिळाले. माझ्या मते त्याची खरी नाट्यशाळा तीच.

१८५० मध्ये छापून आलेल्या ‘आपलीच माणसं, हिशेब होईल’ या नाटकातला बोल्शोव हा व्यापारी धनकोंना चुकवण्यासाठी सारी मालमत्ता आपल्या विश्वासू कारकुनाच्या नावे करतो आणि मुलगीही त्यालाच देतो. धनको रूबलमागे २५ कोपेकांवर, म्हणजे रुपयात चार आण्यांवर, तडजोडीला तयार असतात. पण जावईबापू दहाच्या वर चढत नाहीत आणि सासरा कर्जदारांच्या तुरुंगात जातो. झार पहिल्या निकोलसने प्रयोगास मनाई केली, लेखकावर पोलिसांची पाळत बसली आणि १८५१ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. (‘कीचकवधा’वरची बंदी ठाऊक असलेल्या पुणेकरांना याचे नवल वाटू नये.) १८६१ मध्ये प्रयोगास परवानगी मिळाली, तीही शेवटी लबाड जावयाला पकडायला पोलीस अधिकारी रंगमंचावर आणल्यावर!

नोकरी गेली ती रंगभूमीच्या पथ्यावरच पडली. १८५३ पासून मॉस्कोचे माली थिएटर त्याची नाटके करू लागले आणि त्याच्या स्वतंत्र नाटकांची संख्या ४७ वर गेली. नाटककारांच्या हक्कांसाठी १८७४ मध्ये संघटना उभारण्यातही तो पुढे होता. १८८६ च्या आरंभी मॉस्कोच्या शाही नाट्यगृहांत कोणती नाटके व्हावीत हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे आले; त्याच वर्षी जूनमध्ये तो वारला.

‘वादळ’ (१८५९) सर्वाधिक गाजले खरे, तरी आपल्या मंडळाने आधी ‘हुंड्याविना मुलगी’ वाचावे. त्यात लारिसाला पॅरिसला कोणी न्यायचे, हे दोन धनिक चक्क नाणे उडवून ठरवतात. १८७८ मध्ये हे नाटक पडले. १८९६ मध्ये वेरा कोमिसार्झेव्स्कायाने लारिसा उभी केली, तेव्हा कुठे त्याचे दिवस पालटले.