माकड, खेचर आणि विहिरीतलं हाड

उत्क्रांतीवर लिहायला लागल्यापासून पत्रं येतात, ती बहुतेक त्याच त्या गोंधळाची. त्यातली पाच इथे घेतो.

माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी शिल्लक आहेत? (पारोळा)

माणूस आजच्या माकडांपासून झालेला नाही. आपला सगळ्यात जवळचा नातेवाईक चिंपांझी, पण तोही आपला बाप नव्हे, चुलतभाऊ. दोघांचा मूळ पूर्वज सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होऊन गेला.

बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी दाद देत नाही. ही अळीची नवी प्रजाती समजायची का? (यावल)

नाही. अळी तीच आहे. बीटी कपाशीच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं. त्या विषाला पुरून उरणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली. प्रजाती वेगळी कधी म्हणायची? दोन गटांचा आपसांत वंश चालेनासा झाला की. याचं उदाहरण तुमच्या शेतातच उभं आहे. देशी कपाशीत 26 गुणसूत्रं असतात, अमेरिकन कपाशीत 52. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या रानकपाशींचा संकर झाला, दोघींचे पूर्ण संच एकाच झाडात आले आणि त्या झाडाचा आईबापांशी वंश चालेना. अशी झाली नवी प्रजाती. अळीसाठी मात्र दुकानदार देईल ती बाटली उचलू नका. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभं ठेवलेलं कपाशीचं पीक, ठेवू नका आणि फवारणीआधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ऐकलं की खेचराला पिल्लं होत नाहीत. मग माणूस आणि निअँडरथल यांच्या संकराचा वंश कसा चालला? (शहादा)

प्रश्न चांगला आहे. निअँडरथल म्हणजे आपला नामशेष झालेला मानव भाऊबंद. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. बीजपेशी तयार होताना या 63 च्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर वांझ राहतं. घोडा आणि गाढव यांच्या वाटा फुटून सुमारे 40 लाख वर्षं झाली. आपण आणि निअँडरथल वेगळे झालो ते साधारण पाच-सहा लाख वर्षांपूर्वी, म्हणजे ताटातूट पुरी झालेली नव्हती. पुन्हा गाठ पडली तेव्हा मुलं झाली आणि त्या मुलांनाही मुलं झाली. जनुकशास्त्रज्ञ स्वांते पाबो यांच्या गटाने 2010 मध्ये निअँडरथलचा जनुकसंच वाचला, तेव्हा हे कळलं. पाबोंना 2022 चं नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, एक ते दोन टक्के अंश निअँडरथलचा आहे. एक्स गुणसूत्रावर मात्र तो फारच कमी सापडतो. काही संकरित मुलांना वंश चालवायला अडचण आली असावी, असं त्यावरून मानलं जातं. प्रजाती अशा हळूहळू दुरावतात. कोणत्या तारखेला वेगळ्या झाल्या, असं विचारू नये.

थुंकी पाठवून डीएनए तपासला. ‘दोन टक्के निअँडरथल’ असा अहवाल आला आणि सोबत त्यानुसार घ्यायच्या गोळ्यांची यादी. घेऊ का? (जळगाव)

घेऊ नका. तो आकडा जवळपास सगळ्यांचाच येतो. त्यावर गोळ्या विकणं ही शुद्ध फसवणूक आहे. जनुकांची खरीच काळजी असेल, तर आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तपासा. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या अनेक आदिवासी कुटुंबांत तो जनुक आहे. एकच प्रत असली तर हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणूनच तो टिकला. पण आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजाराचा धोका चारात एक. लग्नाआधी सरकारी दवाखान्यात तपासणी करा आणि डॉक्टरांशी बोला.

विहीर खोदताना वीस-बावीस हातांवर पिवळ्या मातीत मोठं हाड लागलं. दगडासारखं जड आहे. गावात भीमाचं म्हणतात. एक जण पैसे द्यायला तयार आहे. आधी धुऊन ठेवावं का? (भडगाव)

धुऊ नका, विकू नका आणि जेसीबी आजच थांबवा.

हे इतक्या पोटतिडकीने सांगतो, त्याला कारण आहे. मागे गिरणाकाठच्या एका गावात मला असाच एक दात दाखवला. गुरांच्या कुळातला, माझ्या तळहाताएवढा. घरच्यांनी तो फरशी धुवायच्या अ‍ॅसिडने घासून पांढरा केला होता आणि वरून वॉर्निश मारलं होतं. कुठल्या थरातला, कोणालाच सांगता येईना. खड्डा बुजवून झाला होता. त्या दाताचं वय आता कधीच कळणार नाही. हाडापेक्षा त्याला चिकटलेली माती मोलाची असते. वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, यावरून थराचं वय काढतात. तो थर उघडा पडून उन्हात आला की ती खूण पुसली जाते.

सातपुड्यापलीकडे नर्मदाकाठी हथनोऱ्याला 1982 मध्ये भूशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा वरचा भाग सापडला. आधुनिक माणसाआधीच्या मानवाची भारतातली सर्वमान्य कवटी आजवर तेवढीच. ती होमो इरेक्टस या प्राचीन मानवाची की आणखी कोणाची, हा वाद अजून चालू आहे, कारण चेहराच मिळालेला नाही. आणि आपल्या चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, एका तुकड्यावर तर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी आहे. तेव्हा या भागात शहामृग होते आणि ती नक्षी कोरणारी माणसं होती, हे कळलं ते थर शाबूत होते म्हणून. वाळूच्या ट्रॅक्टरांनी आणि जेसीबींनी असे किती थर नेले, त्याचा विचार आला की झोप लागत नाही.

तुमचं हाड बहुधा जनावराचं असेल, पण फोटो न बघता मी नाव सांगणार नाही. शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा, खोली मोजून लिहा, वर ओलं नसलेलं गोणपाट टाका. हाड ताजं, माणसाचं वाटलं तर आधी पोलिसांना कळवा. तलाठ्याला लेखी द्या आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला फोटो पाठवा. हे सगळं या आठवड्यात करा. मृगाचा पाऊस पडला की विहिरीत पाणी उतरेल आणि थर कोसळेल.