दहावीतला मुलगा अंगावर धावून येतो. हे खरंच हार्मोन्समुळे होतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा हल्ली दारं आपटतो, परवा अंगावर धावून आला आणि सगळे म्हणतात, ‘वयच तसं, हार्मोन्स!’ हार्मोन्स आहेतच, पण तेवढ्यावर सोडू नका.

मी मालवणजवळ नर्स आहे. आमच्याच घरी हे झालं. जून-जुलैची मासेमारीबंदी, होडी झापांनी शाकारलेली, घरात पैशांची ओढाताण आणि थोरल्याची दहावी. एका रात्री त्याचे बाबा अभ्यासावरून बोलले, तर त्याने सोलकढीचा वाडगाच भिरकावला. ‘माका काय्येक सांगू नकात!’ भिंतीवर गुलाबी डाग अजून आहे. मी हात धरला, तर तळवा गारठलेला, घामाने ओला. पोरगा माजला नव्हता, घाबरला होता.

असं होतं तेव्हा मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन, म्हणजे धोक्याच्या वेळी अंगाला सज्ज करणारं हार्मोन, काही सेकंदांत सुटतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन मागून, सावकाश येतं. प्रसंगानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते रक्तात सर्वाधिक असतं. म्हणजे ‘आता शांत झालाय, समजावू या’ असं आपल्याला वाटतं, तेव्हा त्याच्या अंगात भरती असते. त्यात रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो.

आम्ही भांडणानंतर तासभर त्या विषयावर बोलणंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी बाबा त्याला जाळी दुरुस्त करायला घेऊन बसले. हात कामात, नजर जाळ्यात. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘बाबा, मी नापास झालंय तर होडी इकूची लागतली?’ हे ओझं तो कधीपासून वाहत होता कोण जाणे.

झोपेकडेही बघा. या वयात ८ ते १० तास लागतात, आणि अर्धवट झोपेत राग लवकर चढतो.

एक मात्र लक्षात ठेवा. सगळी आक्रमक मुलं ताणाने पेटलेली नसतात. सतत आक्रमक वागणाऱ्या काही मुलग्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल उलट कमी आढळलंय. म्हणून रक्त तपासून उत्तर मिळेल या आशेवर राहू नका, वागणं पाहा. तो थंड डोक्याने धाकट्यांना, मुक्या जनावरांना दुखवत असेल, किंवा घरात कुणाला मार बसत असेल, तर वाट पाहू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. आधी तुम्ही एकटीनेच बोललात तरी चालेल.