मोटरची छत्री हप्त्यांवर घ्यावी का?

सप्रेम नमस्कार,

सशुल्क वाहिन्यांचे मासिक शुल्क कायमचे बंद करून विनाशुल्क उपग्रह वाहिन्यांवर भागवायचे, त्यासाठी १२० सेंटिमीटरची छत्री (डिश अँटेना), ती फिरवणारी मोटर आणि चार ट्यूनरचा (ट्यूनर म्हणजे हवी ती वाहिनी पकडणारा भाग) फोर-के रिसीव्हर असा संच २४ हप्त्यांवर घ्यायचा आणि वाचलेल्या शुल्कातूनच ते हप्ते फेडायचे, असा आपला बेत आहे. या विषयात आपण अगदी नवखे आहात, हेही आपण मोकळेपणाने कळवले आहे. विनाशुल्क वाहिन्यांकडे वळण्यास माझी हरकत नाही. मात्र हा संच आणि हे हप्ते, दोन्ही तूर्त घेऊ नयेत, असे माझे मत आहे.

आपल्या हिशेबातली सर्वांत नाजूक बाजू म्हणजे त्यात बचत गृहीतच धरलेली आहे. घरातील मंडळी रोज ज्या वाहिन्या पाहतात, त्यांपैकी काही स्क्रॅम्बल केलेल्या (शुल्क भरल्याशिवाय न उघडणाऱ्या, कुलूपबंद) असतील, तर छत्री कितीही मोठी आणि रिसीव्हर कितीही भारी असला तरी त्या शुल्काशिवाय रीतसर दिसणार नाहीत, आणि मग जुने शुल्क चालूच राहून त्यावर नवा हप्ता चढेल. म्हणून प्रथम महिनाभर घरात कोण काय पाहते याची वहीत नोंद ठेवावी आणि त्यांतील कोणत्या वाहिन्या कोणत्या उपग्रहावरून विनाशुल्क मिळतात, हे ताडून पाहावे. समजा, संचाची किंमत दहा महिन्यांच्या शुल्काइतकी आहे. शुल्क पूर्ण थांबले तर ती दहा महिन्यांत वसूल होते, निम्मेच घटले तर वीस महिने लागतात, आणि हप्त्यांवरील व्याज त्यात आणखी भर घालते.

आता वस्तूंकडे वळू. नवखा ग्राहक सहसा रिसीव्हरवर सर्वाधिक खर्च करतो आणि छत्री, खांब व केबल यांत काटकसर करतो. टिकण्याचा क्रम नेमका उलटा आहे. नीट बसवलेली छत्री रिसीव्हरच्या दोन-तीन पिढ्या सहज पाहते, तर रिसीव्हर प्रसारणाचे तंत्र बदलले की धडधाकट असूनही निकामी ठरतो. मीही एकदा फक्त एमपीईजी-२ (चित्र दाबून पाठवण्याची जुनी पद्धत) जाणणारा एक बऱ्यापैकी महाग रिसीव्हर हौसेने घेतला होता; वाहिन्या एकेक करून एमपीईजी-४ या नव्या पद्धतीवर गेल्या आणि आता तो माळ्यावर आहे. डीव्हीबी-एस२ हे उपग्रह प्रसारणाचे मानक २००५ पासूनचे आहे, त्यामुळे ते आणि एचईव्हीसी (चित्र दाबून पाठवण्याची त्याहून नवी पद्धत) ही दोन्ही जाणणारा साधा, एका ट्यूनरचा रिसीव्हर सुरुवातीला पुरे. चार ट्यूनरचा खरा उपयोग हवा असेल, तर नेहमीच्या मांडणीत एलएनबीलाही (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल गोळा करणारा भाग) तितकीच तोंडे आणि तितक्याच केबली लागतात. हा खर्च आपल्या यादीत मला कुठे दिसला नाही.

छत्रीच्या आकाराबाबत थोडे विस्ताराने लिहितो. व्यास ६० वरून १२० सेंटिमीटर केला की क्षेत्रफळ चौपट होते आणि सिग्नल सुमारे ६ डेसिबलने, म्हणजे चौपट वाढतो. पण वाऱ्याचा रेटाही जवळपास चौपट होतो आणि छत्रीची नजर निम्म्याने अरुंद होते. केयू बँडवर (घरगुती छत्र्यांसाठी सहसा वापरला जाणारा वारंवारतेचा पट्टा) ६० सेंटिमीटरची छत्री साधारण ३ अंशांची चूक सामावणारा झोत पकडते असे वाटेल, पण तो झोताचा संपूर्ण विस्तार आहे. मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम दीड अंश. १२० सेंटिमीटरला तोही अर्धा होतो. खांब किंचित कलला तरी चित्र जाते आणि कारागिराला पुन्हा बोलवावे लागते. म्हणून आपल्या भागात हव्या त्या उपग्रहाचा सिग्नल किती प्रबळ आहे हे पाहून, पावसासाठी थोडी जादा सोय ठेवून आकार ठरवावा. सी बँडवर (त्याहून कमी वारंवारतेचा पट्टा) पावसाचा त्रास कमी, पण तिथे छत्री फारच मोठी लागते. पहिल्या खरेदीत तो विचार नको. एलएनबीच्या वेष्टनावरचा, गोंगाट फक्त ०.१ डेसिबल असल्याचा दावा पाहूनही जास्त पैसे मोजू नयेत.

मोटरचा मोह मी समजू शकतो. तरी एक अडचण लक्षात घ्यावी: छत्री एका वेळी एकाच दिशेला पाहते. आतल्या खोलीत कोणी सामना पाहत असताना बाहेरच्या खोलीत दुसऱ्या उपग्रहावरची वाहिनी लावली, की छत्री वळते आणि सामना नाहीसा होतो. हवे असलेले दोन उपग्रह काही अंशांच्याच अंतरावर असतील, तर एकाच स्थिर छत्रीवर दोन एलएनबी आणि त्यांतला हवा तो निवडणारा एक डायसेक स्विच लावून ते काम पुष्कळ कमी खर्चात होते.

केबल चांगल्या प्रतीची आरजी-६ (डिशसाठी वापरतात ती गोल केबल) घ्यावी आणि बाहेरच्या प्रत्येक कनेक्टरवर जलरोधक टेप गुंडाळावी. पाणी शिरलेला कनेक्टर उघडला की आतली तांब्याची तार हिरवट पडलेली दिसते, आणि अशा वेळी दोष बहुधा विनाकारण रिसीव्हरला दिला जातो.

तेव्हा हप्ते न काढता, आकस्मिक निधीला हात न लावता, हाताशी असलेल्या पैशातून स्थिर छत्री, भक्कम खांब, केबल आणि साधा रिसीव्हर एवढेच घ्यावे. पुढचे तीन महिने जुने शुल्कही चालू ठेवावे आणि वहीतली नोंद सुरू ठेवावी. त्यानंतर घरच्यांच्या संमतीने शुल्क खरोखरच बंद झाले, तर दरमहा वाचणारी रक्कम बाजूला टाकत जावी आणि मोटर हवीच असल्यास ती त्यातूनच घ्यावी.

आपला,
आर्थिक सल्लागार