तोंडी सवलतीवर बाळ वाढवू नकोस

ठाणे, रविवार दुपार

प्रिय पोरी,

परवा फोनवर, बाळ ठेवून पोलीस ड्यूटीवर परत कशी जाऊ म्हणताना तुझा आवाज जड झाला आणि मी आपलं "बघू गं, होतं सगळं" म्हणून फोन ठेवला, ते दोन दिवस मला टोचतंय. आपसूक होत काहीच नाही, आणि हे मला माहीत असताना तुला असलं उत्तर द्यायला नको होतं. म्हणून आज जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलेय.

तुझी 180 दिवसांची प्रसूती रजा पुढच्या महिन्यात संपतेय, बाळ सहा महिन्यांचं होईल, आणि सरकारची जी पाळणा योजना आहे ना, अंगणवाडीलाच जोडलेलं पाळणाघर, तीसुद्धा सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. कागदावर कसं अगदी मापात बसतं बघ. पण ते पाळणाघर चालतं महिन्याला 26 दिवस आणि दिवसाला साडेसात तास. आपली पोलिसांची ड्यूटी साडेसात तासांची कधी होती मला सांग. तू कळंबोलीतून निघून वाशीला हजेरीला उभी राहणार, संध्याकाळी चार्ज देऊन परत मानसरोवर स्टेशनला उतरणार, त्यातच दहा-अकरा तास गेले, रात्रपाळीचं तर सोडूनच दे. तरी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन तुझ्या एरियात असं पाळणाघर आहे का ते विचारून ये, एका फेरीचंच काम आहे. दिवसपाळीचे निम्मे तास निभावले तरी चाललं.

आता मुख्य गोष्ट, माझ्यावरच बेतलेली. 1998 साली माझी लेक चौदा महिन्यांची होती. ज्या पोलीस ठाण्यात होते तिथले पीआय साहेब भला माणूस, म्हणाले बाई तुम्हाला नाईट लावत नाही, लेकरू मोठं होऊ द्या. मी खूश, पोलीस लाईनमध्ये साखर वाटायची बाकी होती. आठ महिन्यांनी साहेबांची बदली झाली, नवीन साहेब आले आणि तिसऱ्या दिवशी माझं नाव नाईटला. मी सांगायला गेले तर एवढंच विचारलं, कागद कुठाय? कागद नव्हताच गं. ती रात्र पोरगी आमच्या रेस्ट रूममध्ये दोन खुर्च्या जोडून झोपवली, मधेच एक आरोपी आणला त्याच्या ओरडण्यानं उठली ती पहाटेपर्यंत रडत होती, आणि मी स्टेशन डायरी लिहीत होते. नवीन साहेबांचा मला फार राग आला नाही, खरं सांगते. राग माझाच आला, आठ महिने हातात असताना एक अर्ज लिहिला नाही.

तर तू हजर व्हायच्या आधी लिहून दे. साधा अर्ज, बाळाची जन्मतारीख, घरी कोण आहे कोण नाही, अमुक महिन्यांपर्यंत रात्रपाळी नको किंवा राहत्या घराजवळचं पोलीस ठाणं मिळावं, बस. रडगाणं नको. आवक नंबर घे, पोच घे. नाही ऐकलं तर ओआरला, म्हणजे वरिष्ठांपुढे गाऱ्हाणं मांडायच्या ऑर्डरली रूमला, उभी राहा. मान खाली घालून नाही, तो आपला हक्काचा रस्ता आहे. आणि अर्जात त्या आठ तासांचा उल्लेख कर. जानेवारी 2022 मध्ये तेव्हाचे महासंचालक संजय पांडे यांनी महिला अंमलदारांची ड्यूटी 12 वरून 8 तासांवर आणायचा आदेश काढला होता, सणावाराला किंवा इमर्जन्सीत वाढवायची तर एसपी किंवा डीसीपींची परवानगी घ्यायची असं त्यात होतं. आदेश निघणं वेगळं आणि ड्यूट्या लावणाऱ्या हजेरी मेजरच्या वहीत उतरणं वेगळं, हे तुला मी सांगायला नको.

दुसरं म्हणजे बालसंगोपन रजा. राज्य सरकारनं जुलै 2018 मध्ये ही दिली, आख्ख्या नोकरीत 180 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन मुलांसाठी, आणि एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. पगार पूर्ण मिळतो आणि तुझ्या अर्जित रजेतून काही कापलं जात नाही. आता प्रत्येक नवी आई काय करते, प्रसूती रजा संपली की लगेच ही दोन महिने जोडून टाकते. मला ते पटत नाही. सहा महिन्यांचं बाळ सासूबाई सांभाळतील, हौसेनं सांभाळतील. पण दोन वर्षांचं पोर गोवर-बिवर काढून बसलं, किंवा पुढे दहावीला अभ्यासाला बसेना झालं, तेव्हा आईच लागते आणि तेव्हा शिल्लक काहीच नसते. पुरवून वापर. आणि रजा मागितली की मिळालीच असं नाही, ऐन गणपतीच्या बंदोबस्तात कुणी सही करणार नाही, श्रावणातच अर्ज टाक.

यात एक गंमत बघ, म्हणजे गंमत कसली. ठाणे स्टेशनच्या एकाच प्लॅटफॉर्मवर आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची बाई उभी असते आणि आपली लोहमार्ग पोलिसांतली बाई उभी असते. आरपीएफवाली केंद्राची, तिला बालसंगोपन रजा 730 दिवस. आपली राज्याची, तिला 180. दोघींची पोरं तितकीच आजारी पडतात. आणि आपल्याकडे बापाला ही रजा पाहिजे असेल तर बायको वारलेली पाहिजे नाहीतर अंथरुणाला खिळलेली पाहिजे, धडधाकट बायको असली की बाप मोकळा. म्हणजे पोर सांभाळणं हे बाईचंच काम असं नियमातच लिहून ठेवलंय, मग नवऱ्यांना काय बोलायचं.

तुझ्या नवऱ्याला मात्र बोल हं. महापेला जनरल शिफ्ट आहे ना त्याची, मग तुझ्या नाईटच्या दिवशी रात्र त्याची, यात मदत-बिदत काही नाही. तीन कागद करा, दिवसपाळीचा एक, नाईटचा एक आणि बंदोबस्ताचा एक, कुठल्या तासाला बाळ कुणाकडे. तिसऱ्या कागदावर सासूबाईंशिवाय अजून एक नाव पाहिजेच, लाईनमधली एखादी वहिनी बघ, तिच्या पोरांना तू सुट्टीच्या दिवशी सांभाळ. तलावपाळीच्या विसर्जनाला मी वीस-वीस तास उभी राहिलेय ती शेजारच्या अशाच एका वहिनीच्या जिवावर. प्रायव्हेट पाळणाघर लावलंस तर संध्याकाळी उशीर झाला की तासाला किती घेतात ते आधीच विचार, नंतर भांडणं होतात.

दुधाचं लाजू नकोस. पंप घे, बर्फाच्या पाऊचची पेटी घे, आपल्या उकाड्यात दूध बाहेर ठेवायचंच नाही, फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकतं. एसटी स्टँडवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष असतो, मग पोलीस ठाण्यात कडी लागणारी एक खोली मागायला काय हरकत आहे? तेही अर्जातच टाक.

तू म्हणालीस पोलिसांसाठी वेगळं पाळणाघर म्हणजे फारच लाड. अगं अमेरिकेत सॅन दिएगोला पोलिसांच्याच मुलांसाठी, शिफ्टचे तास धरून पाळणाघर सुरू झालंय, आणि तिकडच्या संसदेत 2023 मध्ये अशा पाळणाघरांना सरकारी अनुदान द्यायचं विधेयकही मांडलं होतं. भरती झालेली माणसं टिकावीत म्हणून करतायत ते, लाड म्हणून नाही. आपल्याकडे भरतीत 30 टक्के जागा बायकांना ठेवल्या, आता त्या बायकांना पोरं होणार हे काय कुणाला माहीत नव्हतं? मुख्यालयात रात्री चालणारं एक पाळणाघर पाहिजे, कल्याण निधीतून सुरुवात करता येईल. दहा जणींच्या सह्या जमव, मी रिटायर्ड असले तरी साहेबांना भेटायला तुमच्याबरोबर येईन.

अर्जाचा नमुना मागच्या पानावर लिहिलाय, तारीख आणि बक्कल नंबर तेवढा तुझा टाक. पोचेची झेरॉक्स घरी ठेव, लॉकरमध्ये नको. बदली झाली की पहिली चावी लॉकरचीच मागतात.

तुझी,
मावशी