कोणता स्लॉट चांगला, असं विचारलंस म्हणून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा निरोप परवा रात्री आला आणि मी तो दोनदा वाचला. लेस्टरला थंडी पडली आहे, घरातली बाकीची मुलं रात्रपाळीला गेली की तू मोबाइलवर स्लॉट, म्हणजे पैसे लावून पडद्यावर चित्रांची चाकं (रीलं) फिरवायचा जुगार, खेळतोस, एका स्पिनला, म्हणजे एकदा फिरवायला, वीस पेन्स, हे तू आपणहून सांगितलंस. बरं केलंस. आईला मी काही बोललेले नाही. तुला विचारायचं आहे ते एवढंच, की शेकडो खेळांतून निवडायचा कसा आणि कोणत्या स्टुडिओचे खेळ ‘देतात’. मी नऊ वर्षं अशा खेळांचं गणित मांडलं आणि आता ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे रागावण्याआधी तुला गणितच सांगते.

स्टुडिओ म्हणजे खेळ बनवणारी कंपनी. चित्रं, आवाज, नियम आणि त्यामागचे आकडे, सगळं तिचं. तू पैसे भरतोस ती वेबसाइट वेगळी. दुकान तिचं, माल स्टुडिओचा. बटण दाबलंस की निकाल सहसा स्टुडिओच्या सर्व्हरवर निघतो, आणि तो त्याच क्षणी निघतो. मग जी रीलं फिरताना दिसतात ते लागून गेलेल्या निकालाचं चित्र असतं. तू मध्येच थांबवलंस काय, डोळे मिटून घेतलेस काय, त्यात फरक पडत नाही. चाळीस स्पिन कोरडे गेले म्हणून आता लागेल, असं वाटणं माणसाचं आहे. सर्व्हरला मागचं काही आठवत नाही.

आता एक कागद घे. तीन उभ्या पट्ट्या आख आणि प्रत्येकीवर वीस चित्रं मांड. आमच्या कामात यालाच रीलची पट्टी म्हणतात. पहिल्या पट्टीवर चार घंटा काढ, दुसरीवर चार, तिसरीवर मात्र एकच. तीन घंटा एका रेषेत येण्याची शक्यता झाली आठ हजारांत सोळा, म्हणजे पाचशेत एक. पण पहिल्या दोन घंटा जुळण्याची शक्यता पंचवीसात एक आहे. इंग्लंडमध्ये मिनिटाला जास्तीत जास्त चोवीस स्पिन होतात. म्हणजे जवळपास दर मिनिटाला तुझ्यासमोर दोन घंटा येऊन थांबणार आणि तिसरं रील फिरत राहणार. श्वास अडकतो ना तिथे? तिसरी घंटा तेव्हाही विसात एकदाच येते. ‘थोडक्यात हुकलं’ असं तुला वाटतं, पण ते थोडक्यात हुकणं पट्टीवर आधीच लिहून ठेवलेलं असतं. ही लबाडी नव्हे. नियमात बसणारं गणित आहे आणि असा खेळ प्रयोगशाळेत रीतसर पास होतो. म्हणूनच ते तुला माहीत असायला हवं.

दुसरी गोष्ट तुला कोणी सांगितली नसणार. मी स्टुडिओत असताना एका दुपारी वरिष्ठ टेबलापाशी आले आणि म्हणाले, हाच खेळ चौऱ्याण्णवचा करून दे, संध्याकाळपर्यंत हवा. तोवर तो शहाण्णवचा होता, म्हणजे लावलेल्या शंभर पौंडांपैकी लांब पल्ल्यात शहाण्णव खेळणाऱ्यांकडे परत जायचे. यालाच आरटीपी म्हणतात, आपण परताव्याचा टक्का म्हणू. मी दुसऱ्या आणि चौथ्या पट्टीवरचं प्रत्येकी एक महागडं, म्हणजे जास्त पैसे देणारं, चित्र काढलं, त्या जागी स्वस्तातलं बसवलं, संगणकावर कोट्यवधी स्पिन पळवून पाहिले. आकडा थोडा वर राहिला, मग आणखी एक चित्र बदललं. चहाच्या वेळेपर्यंत काम झालं. चित्रकाराला बोलवावंच लागलं नाही, कारण पडद्यावर काही बदललंच नव्हतं. चित्रातलं देऊळ तेच, संगीत तेच, खेळाचं नावही तेच. मला त्या संध्याकाळी चहा गेला नाही.

हे एकट्या त्या कंपनीत होत होतं असं नाही, सगळ्या धंद्याची ही रीत आहे. तू नाव घेतलेला ‘बुक ऑफ डेड’ हा स्वीडनच्या प्लेन गो या स्टुडिओचा २०१६ चा खेळ. तो एकाच परताव्याचा नाही. सगळ्यात वरची आवृत्ती ९६.२१ टक्क्यांची, सगळ्यात खालची ८४.१८ ची, मध्ये आणखी काही. कोणती लावायची ते वेबसाइट ठरवते. तुझ्या वीस पेन्सचा हिशोब कर. तासभर न थांबता खेळलास तर १४४० स्पिन, म्हणजे २८८ पौंड लावून झाले. खिशात एवढे नसतात, पण तेच तेच पैसे पुन्हा पुन्हा लागत जातात आणि बेरीज तिथे पोचते. ९६.२१ च्या आवृत्तीत त्या तासाला सरासरी अकरा पौंड जातील. ८४.१८ च्या आवृत्तीत साडेपंचेचाळीस. खेळ एक, स्टुडिओ एक, वेळ तेवढाच, आणि भाव चौपट. मग ‘हा स्टुडिओ देतो का’ या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं, तूच सांग.

लालबागला आमच्या चाळीत एक काका मटका लावायचे. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ रुपये. आकडे दहा आणि मिळणार नऊपट, म्हणजे रुपयातले नव्वद पैसे लावणाऱ्यांकडे परत येत. टक्क्याच्याच भाषेत बोलायचं तर त्या चौऱ्याऐंशीच्या आवृत्तीपेक्षा मटका सढळ होता. आणि तरीही काकांचा गिरणीचा पगार अख्खा कधी घरी आलेला मी पाहिला नाही. काकूंनी पातेली गहाण टाकलेली मला आठवतात. पण मटक्याला ओपनची, म्हणजे पहिल्या आकड्याची, वाट पाहावी लागे, मग क्लोजची, म्हणजे दुसऱ्याची. मधले तास माणूस कामावर जाई, जेवे, पोरांशी बोले. तुझ्या मोबाइलवर ओपन आणि क्लोज यांच्यात अडीच सेकंद आहेत. टक्का किती कापतात, दर वेळी किती लावतोस आणि तासाला किती वेळा लावतोस, हे तिन्ही आकडे गुणून तासाचा भाव निघतो. खेळ कोणताही असो, आधी तो काढ.

स्टुडिओंची नावं कळलेली बरी, पण ती कशासाठी ते सांगते. त्यांचे स्वभाव वेगवेगळे असतात. नेटएंटचा २०१२ चा ‘स्टारबर्स्ट’ घे. लहान लहान रकमा वरचेवर देतो, पैसे सावकाश संपतात. उलट नोलिमिट सिटीचे खेळ बहुतेक वेळ कोरडे जातात आणि फार क्वचित मोठं काही देतात. या चढउताराला व्होलाटिलिटी म्हणतात. टक्का सारखा असला तरी दोघांची रात्र सारखी जात नाही. तुझ्या खिशात दहा पौंड असतील तर दुसऱ्या जातीचा खेळ पाव तासात ते संपवू शकतो, आणि मग आणखी दहा भरायची इच्छा होते. ऑस्ट्रेलियाच्या बिग टाइम गेमिंगने ‘मेगावेज’ काढलं. सहा रीलं, प्रत्येकावर दर स्पिनला दोन ते सात चित्रं, म्हणून जास्तीत जास्त १,१७,६४९ मार्ग. सातचा सहावा घात, एवढंच ते. मार्ग वाढले की एकेका मार्गाची रक्कम लहान होते. परताव्याचा टक्का काही त्यामुळे वाढत नाही.

आणि ही नावं दिसतात तेवढी वेगळी उरलेलीही नाहीत. इव्होल्यूशन या स्वीडिश कंपनीने २०२० मध्ये नेटएंट घेतली, २०२१ मध्ये बिग टाइम गेमिंग, २०२२ मध्ये नोलिमिट सिटी. पाटी निराळी, मालक एक. स्टुडिओला पैसे मिळतात ते सहसा वेबसाइटच्या कमाईतल्या हिश्श्यातून, आणि वेबसाइटची कमाई म्हणजे खेळणाऱ्यांनी जे हरलं ते. स्टुडिओचं नाव बघून विश्वास ठेवायचा तो एवढ्याच बाबतीत, की निकाल खरोखर यादृच्छिक निघतात आणि लिहिलेला टक्का खरा आहे. त्यासाठी आमच्यासारख्या प्रयोगशाळा असतात, आणि जुगाराला परवाने देणाऱ्या ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनची सार्वजनिक नोंदवही असते. वेबसाइट आणि स्टुडिओ, दोघांची नावं तिथे शोध. वेबसाइटचं नाव नसेल तर तिथे पैसे भरू नकोस.

तू जॅकपॉटचंही विचारलं आहेस. ‘मेगा मूला’ २००६ चा. २०१५ साली ब्रिटनमधल्या एका सैनिकाला पंचवीस पेन्सच्या स्पिनवर एक कोटी बत्तीस लाख पौंड लागले, ही बातमी खरी आहे. पण तो जॅकपॉटचा हंडा भरतो कशातून? प्रत्येकाच्या प्रत्येक स्पिनमधून थोडं थोडं कापून. म्हणून हंडा सोडला तर मूळ खेळाचा परतावा ८८ टक्क्यांच्या आसपासच राहतो. तुझ्यासारख्या, महिन्याचं भाडं मोजून ठेवणाऱ्या मुलाने तो खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. इंग्लंडने काही चांगले नियम केले आहेत, ते तुझ्यासारख्यांसाठीच आहेत. ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटच्या दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंद जावे लागतात, आपोआप खेळत राहण्याची सोय बंद आहे, आणि वीस पेन्स लावून आठ आले तर जिंकल्याचं संगीत वाजवायला मनाई आहे. त्याआधी वाजायचं. बारा पेन्स गेले आणि तरी वाजंत्री, हे मी रोज ऐकलं आहे. तू तेवीसचा आहेस, म्हणून २१ मे २०२५ पासून तुला एका स्पिनला दोन पौंडांहून जास्त लावता येत नाहीत; पंचवीस आणि त्यावरच्यांना मर्यादा पाच पौंडांची आहे. दोन पौंड ही मर्यादा आहे, सुचवलेली रक्कम नव्हे. क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला एप्रिल २०२० पासून बंदी आहे. मित्राकडून उसने घेऊन तिला पळवाट काढू नकोस. खात्यात पैसे भरायची स्वतःची मर्यादा आजच लाव. ती कमी केलीस तर लगेच लागू होते, वाढवायची म्हटलीस तर चोवीस तास थांबवतात. ते चोवीस तास फार मोलाचे असतात, मला अनेकांनी सांगितलं आहे.

खेळ उघडलास की कोपऱ्यात एक छोटी खूण असते, ‘आय’ची किंवा प्रश्नचिन्हाची. तिथली पानं सरकवत शेवटपर्यंत जा. बारीक अक्षरात तो टक्का लिहिलेला असतो. ९६ च्या खाली असेल तर तो खेळ बंद कर, चित्रं कितीही आवडली असली तरी. तीच पद्धत बाकीच्या खेळांना लाव. मला विचारशील तर निवडीचं एवढंच शास्त्र आहे. बाकी इन्स्टाग्रामच्या रील्सवर आणि यूट्यूबवर स्लॉट खेळून दाखवणारे जे सांगतात ते मनावर घेऊ नकोस. त्यांतल्या कित्येकांना वेबसाइटकडून पैसे मिळतात, आणि हरलेल्या रात्री ते दाखवत नाहीत.

नाशिकच्या चुलतभावाला लिंक पाठवू का, असंही लिहिलं आहेस. पाठवू नकोस. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, नशिबाचा असो की कौशल्याचा. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही कैद आणि दंड. गोव्यात हॉटेलांत आणि मांडवीवरच्या बोटींत स्लॉट आहेत ते राज्याच्या वेगळ्या कायद्याने. मोबाइलवरच्या खेळाशी त्याचा संबंध नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, भारतात टेलिग्रामवरून फिरणाऱ्या त्या लिंकांवरचा ‘बुक ऑफ डेड’ खरा असेलच असं नाही. नामांकित खेळांच्या नकला असतात. चित्रं हुबेहूब, पण सर्व्हर कोणाचा, पट्टी कोणी लिहिली, काही पत्ता नाही. जिंकलेले पैसे काढायला गेलं की आधी आणखी भरा म्हणतात. दाद मागायला जागा नसते.

आता जे लिहिते ते वाचून मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या निरोपात एक वाक्य आहे, ‘मागच्या आठवड्यातले भरून निघाले की थांबतो.’ नऊ वर्षं मी पट्ट्या लिहिल्या, त्यांत मागच्या आठवड्याला कुठेही जागा नव्हती. हे वाक्य मनात पुन्हा आलं तर गॅमस्टॉपवर नाव नोंदव. फुकट आहे, पाच मिनिटं लागतात, आणि ब्रिटनचा परवाना असलेल्या सगळ्या वेबसाइट सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं तुला बंद होतात. मुदत संपायच्या आत ते उठवता येत नाही. एकट्याने करायला जड वाटलं तर मी फोनवर सोबत बसते. कोणाला कळणार नाही.

रविवारी दुपारी फोन करते. तोवर दोन गोष्टी कर. वेबसाइटवर तुझ्या खात्याचा हिशोब मिळतो, त्यातून मागच्या तीन महिन्यांत किती भरले आणि किती काढले ते कागदावर लिहून ठेव. अंदाजाने नको, बेरीज करून. आणि तू खेळतोस त्या खेळाच्या माहितीच्या पानावरचा टक्का त्याच कागदावर खाली लिही. तासाचा भाव आपण दोघं मिळून काढू. जेवतोस ना नीट? कुळीथाचं पीठ पाठवलं आहे, पिठलं करून खा.

तुझी
मावशी