आईचं वजन जास्त असेल तर बाळाच्या हृदयावर परिणाम होतो का?

होतो. पण 'तिसरा महिना चालू आहे, आता डाएट केलं तर बाळाचं हृदय सुरक्षित राहील का' असं तुम्ही विचारलंय, त्याला उशीर झाला. हृदयाची मुख्य बांधणी दहाव्या आठवड्यापर्यंत उरकलेली असते.

मी ८२ किलो, उंची पाच फूट एक इंच. सासर लालबागला, एकत्र कुटुंब. 'दोन जीवांची आहेस' म्हणत जाऊबाई रोज तुपातला शिरा वाढायच्या. विसाव्या आठवड्यात परळला सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाईंनी प्रोब एवढा दाबला की वळ उठतोय असं वाटलं. या कुशीवर, त्या कुशीवर, मग "जरा चक्कर मारून या, बाळ वळलं तर बघू." जेलने चिकट झालेला कुर्ता तसाच, मी दोनदा जिना उतरले, चढले. तरी रिपोर्टात आलंच : पोटाच्या जाडीमुळे हृदय नीट दिसलं नाही. बाविसाव्या आठवड्यात फीटल टू-डी एको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) केला, तेव्हा खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक सापडलं.

घरी जाऊबाई म्हणाल्या, "तोंडावर ताबा नाही, भोगतंय लेकरू." शिरा वाढणारीच ही! नवरा ९५ किलोचा, त्याला कुणी चकार शब्द बोललं नाही.

स्वीडनमध्ये १२ लाखांहून जास्त बाळांचा अभ्यास २०१७ साली छापून आला. साधारण वजनाच्या आयांच्या १०० बाळांत ३.४ जणांना जन्मजात मोठा दोष, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४० च्या वर असलेल्यांच्यात ४.७. त्यात सगळ्यात जास्त हृदयाचेच. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण अमुक बाळाचं भोक अमुक शिऱ्यामुळे, असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. बारीक बायकांच्या बाळांनाही हृदयदोष असतात.

तुम्ही शुगर तपासा, एचबीए१सीसकट (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी). दिवस राहण्याआधीपासूनच मधुमेह असेल तर धोका कितीतरी पट वाढतो, वजनापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. रिपोर्टात 'नीट दिसलं नाही' आलं तर पुन्हा तपासून घ्या, घरच्यांचं 'काही नसतं गं' ऐकू नका. आणि हो, उपाशी राहू नका. बीएमआय ३० च्या वर असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वाढ पुरे असं धरतात, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

माझ्या मुलाचं भोक दीड वर्षात आपोआप मिटलं. श्रेय जाऊबाईंनी सिद्धिविनायकाला बोललेल्या नवसाला गेलं.