वर्ग सोडू देऊ नका, बाकीचं बघता येतं

तुमच्या मुलाचा कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातला वर्गमित्र गाडीत झोपतोय, घरच्यांनी संबंध तोडलेत, आणि आता सेमिस्टर अर्धवट सोडून पूर्णवेळ काम धरायचं म्हणतोय. त्याला घरी ठेवून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. मी अशाच एका कॉलेजात बेघर विद्यार्थ्यांना मदत करण्याच्या कामावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जमत असेल तर जरूर ठेवून घ्या. पण आधी त्याला वर्ग सोडण्यापासून थांबवा. ६० टक्के सेमिस्टर व्हायच्या आत सगळे विषय सोडले, तर पेल ग्रँटचे, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या मदतीचे, काही पैसे परत मागितले जातात. म्हणजे राहायला जागा नाहीच, वर देणं. शिवाय जिमच्या शॉवरची सोय २०१६ च्या कायद्यानं बेघर विद्यार्थ्यांना मिळाली, तीही नाव नोंदलेलं असेल तरच.

इथे फीचं ओझं फारसं नसतं. एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर, आणि गरजूंना तेही माफ. मुलं मोडतात ती भाड्यापायी. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राज्यव्यापी पाहणीत उत्तरं देणाऱ्यांपैकी १९ टक्के विद्यार्थी वर्षभरात कधी ना कधी बेघर झालेले होते. लॉन्ग बीच सिटी कॉलेजनं तर २०२१ मध्ये गाडीत झोपणाऱ्यांसाठी रात्रीचं पार्किंग सुरू केलं.

आमच्याकडे मुलं येतात तीच मुळी अंग चोरून. पहिलंच वाक्य असतं, "मी होमलेस नाही हं, सध्या मित्राकडे आहे." पाठीवरच्या सॅकमध्ये मात्र टूथब्रश, टॉवेल आणि सगळी कागदपत्रं. त्याला नीट समजावून सांगा: दुसरीकडे जागा नाही म्हणून कुणाच्या घरी तात्पुरतं राहणं हेही आर्थिक मदतीच्या नियमांत बेघर असण्यातच धरतात. तुमच्याकडे आला म्हणून हक्क जात नाही.

आता फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीसाठी भरायचा अर्ज. वय २४ च्या आत असेल तर एरवी आईवडिलांचं उत्पन्न भरावं लागतं, आणि घराबाहेर पडलेली मुलं नेमकी तिथेच अडकतात. एकटा आणि बेघर आहे असं कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयानं ठरवलं की ती अट उरत नाही. हा अर्ज तिथल्या माणसासमोर बसूनच करा.

कॉलेजात 'बेसिक नीड्स सेंटर' असतंच, २०२१ च्या कायद्यानं ते बंधनकारक केलंय. तातडीची मदत, कॅलफ्रेशचा (अन्नासाठीच्या सरकारी मदतीचा) अर्ज, सगळं तिथून सुरू होतं. पहिल्या खेपेला तुम्ही किंवा मुलानं सोबत जा. कॉलेज कोणतं ते सांगितलंत, तर कुणाला भेटायचं ते शोधून कळवते.